न वाजणारी सायकल

घरमालक म्हणून काकांनी मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता : "तुह्या स्कूटीच्या मागच्या चाकात काय वाजून राहिलं?"

मी चक्रावलेच. नुकतीच भोपाळहून आले होते. आले कसली, फेकली गेले होते. राज्य वेगळं झालं, कर्मचाऱ्यांची वाटणी झाली आणि माझ्या नावासमोर रायपूर आलं. शंकर नगरात एका भाड्याच्या बंगल्यात आमचं ऑफिस थाटलं होतं, तिथे माणसं जास्त आणि खुर्च्या कमी. शहरात खोली मिळेना, कारण जो तो आपलं घर बड्या अधिकाऱ्यांसाठी राखून बसलेला. स्टेशनच्या बाजूच्या एका पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, मराठी माणसाचं घर आहे, वरची खोली रिकामी आहे, असं कळलं म्हणून धावत गेले. तर हा गृहस्थ माझं नाव-गाव, नोकरी, जात-गोत काही न विचारता फाटकापाशी उकिडवा बसलेला, आणि माझ्या स्कूटीचं चाक हाताने फिरवून त्याला कान लावतोय!

"ब्रेक घासते," काकांनी निकाल दिला. "आधी हे नीट कर, मंग सामान आण."

मागे दारात काकू उभ्या होत्या. त्या हसून म्हणाल्या, "घाबरू नोको वो. पसंत पडली तू त्याईले. नाही तं बोललेच नसते."

काकांची सगळी नोकरी रेल्वेत गेलेली. उभ्या असलेल्या डब्यांच्या चाकांवर लांब दांड्याची हातोडी मारायची आणि नुसत्या आवाजावरून चाकाला तडा गेलाय का ते ओळखायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर हातोडी रेल्वेला परत गेली, पण कान घरी आले. त्या कानांनी आमचा सगळ्यांचा जीव खाल्ला. माझ्या खोलीतला पंखा खालून ऐकून ते हाक मारायचे, "ए पोट्टी, पंख्याले तेल दे!" शेजारच्या नळाचा वायसर गेला की शेजाऱ्याआधी यांना कळायचं. काकूंच्या हातातली एक बांगडी फुटली तर म्हणे, "आज आवाज कमी येऊन राहिला." याला प्रेम म्हणायचं की चौकशी, हे काकूंनाही कधी ठरवता आलं नाही.

आणि हे कान खरे राखीव होते ते सायकलसाठी.

ती सायकल म्हणजे घरातलं तिसरं माणूस. इंग्लंडात बनलेली, बारीक नळ्यांची, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल असलेली. काका तरुण असताना बिलासपूरचा एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर देश सोडून ऑस्ट्रेलियाला निघाला, त्याच्याकडून घेतलेली. चामड्याचं सीट इतक्या वर्षांत काकांच्या बसण्याचा साचा होऊन बसलं होतं. पुढच्या खोलीत, जिथे लोक टीव्ही ठेवतात, तिथे भिंतीत दोन आकडे ठोकून ती टांगलेली असायची. टीव्ही स्वयंपाकघरात, फ्रिजवर.

पहाट झाली की खाकी हाफ पँट घालून काका निघत. स्टेशनवरून बीरगांवच्या रस्त्याने पार उरल्याच्या कारखान्यांपर्यंत जायचं, टपरीवर उभ्याउभ्या चहा घ्यायचा आणि परत. म्हातारा माणूस आणि पाठ आडवी, नाक हँडलवर! पाऱ्यातल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. काकांना त्याचं काहीच नव्हतं. त्यांना काळजी एकच, की सायकल वाजता कामा नये.

"आवाज म्हणजे तक्रार," ते म्हणायचे. "गाडी तक्रार करून राहिली अन् तू वर बसून गाणं म्हणून राहिली, हे शोभते काय?"

म्हणून तिला घंटी नव्हती. स्टँड नव्हता, कॅरिअर नव्हतं. चेन धुतलेली, छर्रे चकचकीत, रिमचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढलेला. पुढे-मागे पत्र्याचं मडगार्ड तेवढं होतं, तेही असं पक्कं की टिचकी मारली तरी ठक्क असा एकच आवाज यायचा. काका गल्लीत शिरले, फाटक उघडून आत आले, तरी कोणाला पत्ता लागायचा नाही. कुत्रंसुद्धा भुंकायचं नाही.

एकदा, एकदाच, त्यांनी मला ती चालवायला दिली. मी आधी नाक मुरडलं. स्कूटी असताना कशाला ही कसरत? पण बसले आणि दोन पायडल मारले, आणि शप्पथ सांगते, मला वाटलं खाली काही नाहीच! टायर डांबरावरून जाताना येतो तो बारीकसा श्वास, कानाशी वारा, बस्स. पाय थांबवले तरी ती चालतच राहिली. गल्लीच्या टोकाशी मला वळावंसंच वाटेना. परत आले तेव्हा काका फाटकाशी उभे होते.

"आलं ध्यानात?" त्यांनी विचारलं.

"आलं," मी म्हटलं. खरंच आलं होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आपल्याकडे हत्यारं पुजतात. रायपुरात बाकी लोक विश्वकर्माची पूजा करतात, पण काकूंच्या घरी खंडेनवमीच. त्याच्या आधी काका सगळी सायकल खोलत. पुर्जा न् पुर्जा रॉकेलमध्ये धुवायचा, पुसायचा, ग्रीस भरायचं, परत जोडायचं. मग काकू पाने-पेचकस पाटावर मांडून सायकलला हळदकुंकू वाहत. त्या दिवशी सायकलला सुट्टी. वर्षातली ती एकच.

आता जे मी सांगणार आहे ते लक्षात यायला मला फार वेळ लागला, आणि ते आलं जेवणाच्या ताटावरून.

काकू काकांचं ताट विचित्र वाढायच्या. डाव्या बाजूला काही नाही. मीठ, लिंबू, वाटी, पाण्याचा ग्लास, सगळं ताटाच्या पलीकडे, नाकासमोर एका ओळीत. एके रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं होतं. मी आपली शहाणी, ग्लास उचलून काकांच्या डाव्या हाताला ठेवला. काकांनी हात हलवला आणि ग्लास आडवा. काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि सांडलेलं पाणी पुसायला घेतलं.

भांडी घासताना त्यांनी सांगितलं. काचबिंदू. समोरचं दिसतं, बाजूचं जातं, आणि गेलेलं परत येत नाही. डावीकडचं बरंचसं गेलेलंच होतं. थेंब घालायचे आणि आहे ते टिकवायचं. डॉक्टरने वाहन चालवू नका म्हटलं, तर काका म्हणाले, वाहन म्हणजे गाडी, सायकल काही गाडी नाही.

"काकू, अहो, त्या रस्त्यावर ट्रक किती वाढलेत!" मी जवळजवळ ओरडलेच. खोटं नव्हतं. नवीन राजधानी म्हणून जिकडेतिकडे रस्ते खोदलेले, उरल्याकडे लोखंडाचे ट्रक रांगेने, कोणाला कोणाची पर्वा नाही. "त्यांना थांबवा ना!"

"थांबवलं होतं. सायकलीचं सीट काढून धान्याच्या कोठीत लपवलं. बोलले नाही काही. खुर्चीत बसून राहिले. दिवसभर, भिताडाकडे तोंड करून. हप्ताभर पाहिलं मी. मंग मीच सीट आणून देल्लं." काकूंनी तवा दाणकन आपटला. "खुर्चीत बसलेला तो माणूस मले पाहवला नाही वो."

मी स्वतः काकांशी बोलून पाहिलं. फार शब्द जुळवून गेले होते. ते फ्रीव्हील साफ करत होते. म्हणाले, "ह्या सायकलीत असा एक बी पुर्जा नाही जो मले खोलून, धुवून परत बसवता येत नाही. डोळा खोलता येते काय?"

"नाही येत."

"मंग त्याचं बोलूच नोको. मी कानानं चालवतो. मागून ट्रक येते, मले किती दुरून समजते तुले माहीत नाही. सायकल चूप आहे म्हणून समजते."

"निदान घंटी तरी लावा."

हे मात्र त्यांना झोंबलं. हातातलं फडकं खाली ठेवून म्हणाले, "घंटी आंधळ्यानं लावावी. मी आंधळा नाही."

तेव्हापासून पहाटे माझीही झोप मोडू लागली. खिडकीतून खाली पाहिलं की काकू फाटकाला धरून उभ्या. थंडी असो, पाऊस असो. सायकल येताना ऐकू यायची सोय नव्हती, म्हणून डोळ्यांनीच वाट पाहावी लागायची. काका वळणावरून दिसले की त्या पटकन आत पळायच्या आणि पोहे ढवळत असल्याचं सोंग करायच्या. रोज! मला कधी राग यायचा त्या म्हाताऱ्याचा. वाटायचं, खाली जाऊन खडसावावं, की तुमच्या चूप सायकलीपायी ही बाई रोज पहाटे जीव मुठीत धरून उभी असते, ते ऐकू येत नाही का तुमच्या कानांना?

एके दुपारी ऑफिसातून लवकर आले. काका झोपलेले. पुढच्या खोलीत काकू स्टुलावर चढलेल्या, हातात पाना, आणि टांगलेल्या सायकलीच्या मागच्या मडगार्डशी झोंबताहेत. मडगार्डला चाकाशी धरून ठेवणारी जी लोखंडी काडी असते, तिचा नट त्या सैल करत होत्या. मला पाहून दचकल्या, पण हात थांबवला नाही. नट सैल झाला. त्यांनी मडगार्ड हलवून पाहिलं : खुळखुळ.

"काकू! ते तुम्हाला घराबाहेर काढतील!"

"काढू दे. वळणावरूनच ऐकू येईन आता मले. ट्रकवाल्याले नाही आलं तरी चालते." त्यांनी पाना जागेवर ठेवला. "सांगू नोको. माही शपथ आहे तुले."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी खिडकीतच बसले होते. काका निघाले, पहिल्या खड्ड्यालाच सायकल खुळखुळली. आता उतरतील, आता चाक फिरवतील, आता बोंब ठोकतील. काका पुढे गेले. गल्ली संपेपर्यंत ती सायकल खुळखुळत गेली आणि ते मान वर न करता गेले. परत आले तेव्हाही तेच. फाटकाशी उतरले, सायकल आकड्यांना टांगली, आंघोळीला गेले.

मला हसू आलं होतं. पण स्वयंपाकघरात गेले तर काकू पाटावर बसलेल्या, चेहरा पांढरा पडलेला.

"त्याईले ऐकू नाही आलं," त्या म्हणाल्या.

क्षणभर मला समजलं नाही. मग समजलं. हातोडीच्या आवाजावरून लोखंडातला तडा ओळखणारा माणूस, आणि त्याच्या बुडाखाली मडगार्ड वाजतंय ते त्याला कळत नाही! डोळे जात होतेच. ज्या कानांच्या भरवशावर तो त्या रस्त्यावर जात होता, ते कानही गेले होते. आणि हे आम्हा दोघींना माहीत होतं, त्याला नाही.

"सांगून टाका त्यांना," मी म्हटलं.

"काय सांगू? की मी तुमच्या सायकलीले हात लावला, अन् तुम्ही आंधळे तं होतेच, आता बहिरे बी झाले?" काकूंनी मान हलवली. "माह्या तोंडून नाही निघणार ते."

तेव्हापासून त्या काकांशी मोठ्याने बोलू लागल्या. "भाजी वाढू काय?" हे अख्ख्या पाऱ्याला ऐकू जायचं. काका मला विचारायचे, "हिले काय झालं? ओरडून काहून राहिली?" मी म्हणायचे, काही नाही, सर्दी झाली असेल. याच सुमारास काकूंनी चहा सोडला. आधी दोघं सकाळी ओसरीवर बसून चहा घ्यायची. आता काकू मला आणि काकांना कप द्यायच्या आणि स्वतः नुसत्या बसायच्या. विचारलं तर म्हणे जळजळ होते.

एक-दोनदा मला शंका आली. माझ्या पंख्याचा आवाज काकांना अजून यायचा. काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "सवयीनं म्हणते तो माणूस. ऐकू येते म्हणून नाही." मलाही तेच खरं वाटलं. भीती बसली की सगळं तिच्याच बाजूने दिसतं.

पावसाळा सरता सरता ती सकाळ आली. ऊन फाटकाच्या आत आलं, पोहे गार झाले, आणि खुळखुळ आली नाही. काकू फाटकाशी नव्हत्या, कारण आता उभं राहायची गरज नव्हती ना! त्या स्वयंपाकघरात बसून वळणाकडे कान लावून होत्या. शेवटी वर आल्या आणि म्हणाल्या, "स्कूटी काढ."

जन्मात त्या कधी स्कूटीवर बसल्या नव्हत्या. लुगडं आवरून, माझ्या खांद्यात बोटं रुतवून बसल्या. बीरगांवच्या रस्त्याला लागलो तर ट्रकच ट्रक. धूळ, हॉर्न, खोदलेल्या मातीचे ढीग. प्रत्येक गर्दीशी मी स्कूटी हळू करून डोकावायचे. काकू माझ्या पाठीशी एकच गोष्ट पुटपुटत होत्या, "ऐकू नाही आलं त्याले. ट्रक ऐकू नाही आला." मी म्हटलं, "काकू, गप्प बसा हो!" आणि माझाच आवाज फाटला.

काकांची चहाची टपरी आली. टपरीवाल्या बाईला विचारलं, हाफ पँटवाले बबा?

"हव दीदी," तिने हाताने पुढे दाखवलं. "बबा ओ डहर बइठे हे. गिर गे रिहिस."

पडले होते, पण बसलेले होते. 'बसलेले' या शब्दाला मी धरून राहिले.

पुढे एका बाभळीखाली काका खरंच बसले होते. कोपर सोललेलं, गुडघ्यातून रक्त, आणि मांडीवर सायकलचं पुढचं चाक. रस्त्याच्या डाव्या कडेला पाइपासाठी नाली खोदलेली होती. दगड नाही, दोरी नाही. डावीकडची ती नाली त्यांना दिसलीच नव्हती. चाक पार वाकडं झालं होतं आणि ते स्पोक चाचपून एकेक कसत होते.

आम्ही थांबलो. मान वर न करता ते म्हणाले, "तुह्या स्कूटीचा ब्रेक अजून घासते. दुरूनच ओळखली."

काकू स्कूटीवरून उतरल्या त्या रडत आणि शिव्या देतच. "मेले असते तं? इथं मातीत पडून मेले असते तं मी काय करायचं होतं? सांगा ना! मी काय करायचं होतं?" येणारे-जाणारे थांबून पाहू लागले. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग चाक फिरवून पाहिलं, सायकलीत बसवलं आणि उठले.

"झालं," ते म्हणाले. "आजपासून बंद."

मला वाटलं चाकाचं काम झालं म्हणताहेत. तसं नव्हतं.

त्यांनी स्कूटीवर बसायला नकार दिला. काकूंनीही दिला. काका सायकल हाताने ढकलत निघाले, काकू त्यांच्या डाव्या बाजूने, रस्त्याच्या कडेकडून, आणि मी मागून स्कूटी रांगवत. बीरगांवपासून घरापर्यंत मडगार्ड खुळखुळत होतं. दोघांपैकी एकानेही त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. ट्रक गेला की आवाज दबायचा, ट्रक पुढे गेला की परत यायचा. काकूंना ते ऐकवत नव्हतं, हे मला त्यांच्या पाठीवरून कळत होतं.

सायकल आकड्यांना टांगली गेली ती गेलीच. काकूंनी सीट लपवून ठेवलं तेव्हा जसे बसले होते तसे काका आता बसले नाहीत. आपल्या हाताने ठेवली होती ना. पण घर सुनं झालं. पहाटे जाग यायची आणि कशासाठी ते कळायचं नाही.

मग खंडेनवमी जवळ आली. मला वाटलं या वेळी पूजा तेवढी होईल, पण काकांनी हाक मारली, "पोट्टी, रॉकेल आण." सायकल उतरवली. नजर आता आणखी आखडली होती, म्हणून ते बोटांनी खोलत होते आणि मी पुर्जे हातात देत होते. चेन, फ्रीव्हील, छर्रे. शेवटी मागचं चाक बसलं. काकू कुंकवाची वाटी घेऊन येऊन बसल्या. मी मनात म्हटलं, आता जाऊ दे, चालवायची तर नाहीच, निदान हे मडगार्ड तरी गुपचूप कसून टाकावं म्हणजे काकूंच्या जिवाला घोर नको. मी पाना लावला. नट हलेना. वाकून पाहिलं.

तिथे एक नट नव्हता, दोन होते. एकावर एक, एकमेकांवर घट्ट आवळलेले, आणि काडीला हलायला मधे बरोबर जागा सोडलेली. काकूंनी एकच नट सैल केला होता, तो माझ्या डोळ्यांदेखत. दुसरा आपोआप येऊन बसत नसतो.

"त्याले हात नोको लावू," काका म्हणाले. "ते बराबर आहे."

काकूंच्या हातातली वाटी तशीच राहिली. "हा दुसरा नट कोणी लावला?"

"मी. तू नुसता एक नट सैल करून ठेवला होता. दोन दिवसांत गळून पडला असता."

"तुमाले... ऐकू आलं होतं?"

"दाराच्या बाहेर निघालो तेव्हाच."

"मंग बोलले काहून नाही?"

काका फडक्याने हात पुसत होते. एकेक बोट पुसून झालं तेव्हा म्हणाले, "बोललो असतो तं तू कसून टाकला असता. अन् मंग परत फाटकाशी उभी राहिली असती. मले काय माहीत नव्हतं काय, तू उभी राहते म्हणून? बांगड्या वाजते तुह्या, आत पळते तेव्हा."

आयुष्यभर ज्या माणसाने सायकलीचा चकार आवाज सहन केला नाही, तो तेवढे सगळे महिने त्या खुळखुळीवर बसून उरल्यापर्यंत जाऊन येत होता. नुसता सहन करत नव्हता, तिची निगा राखत होता.

काकू मात्र भडकल्या. डोळ्यांतून पाणी आणि तोंडाने भांडण. "अन् मी इकडं तुमचे कान गेले म्हणून देवीले नवस बोलली! चहा सोडला मी, चहा! कान परत येईपर्यंत थेंब नाही घेणार म्हटलं!"

"मंग घे आता," काका म्हणाले. "कान चांगले आहेत."

काकूंनी सायकलला कुंकू लावलं, जोरात लावलं, आणि पदराने डोळे पुसत आत निघून गेल्या. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. मग कपाटातून कप काढल्याचा.

काकांनी मान जरा वाकडी केली.

"आज तीन कप?" त्यांनी ओसरीवरूनच विचारलं.

"हो तीन!" आतून काकू म्हणाल्या, आणि खूप दिवसांनी साध्या आवाजात म्हणाल्या. "चूप बसा आता."